चार नंबरच्या खाटेचा राग

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. मला चार पाय आहेत, पाठ आहे आणि राग आहे. म्हातारपणी राग निवतो असे म्हणतात. माझा निवलेला नाही.

एका लहानशा कारखान्यात दोघा भावांनी मला घडवले. थोरला नळ्या वाकवायचा, धाकटा सांधे जोडायचा. मी तयार झाले तेव्हा थोरला स्वतः माझ्यावर आडवा पडला आणि म्हणाला, "झोप यायला लागली रे. ही पास." मला पांढरा रंग दिला, पायाशी एक दांडा बसवला. दांडा फिरवला की माझी डोक्याकडची बाजू वर उचलली जाई. मग मी एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, चार नंबरची खाट झाले. मोठ्या सिस्टर नव्या नर्सना सांगायच्या, "नाजूक पेशंट चारवर द्या. ती कुरकुरत नाही." तेव्हा खरेच मी कुरकुरत नव्हते.

एकदा पोटाचे ऑपरेशन झालेल्या एक बाई माझ्यावर आल्या. त्या कपडे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. दुसऱ्याच दिवशी त्या नर्सला म्हणाल्या, "अगं, तुझी बाही उसवलीय. सुई-दोरा आण, पडल्या पडल्या शिवून देते." तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बजावले, "उद्यापासून रोज उठायचं आणि दारापर्यंत चालायचं. नुसतं पडून राहिलात तर छातीत कफ साठेल."

"चालते की," शिवणबाई म्हणाल्या. "घरी मुलगी एकटी आहे. तिची परीक्षा जवळ आलीय."

त्याच संध्याकाळी त्यांच्या बहिणीचे यजमान आले. नर्सनी या गृहस्थांचे नाव समाचारकाका ठेवले होते, कारण ओळखीचे कोणीही आजारी पडले की हे हजर. माणूस मनाने वाईट नाही, असे लोक म्हणत. मी म्हणत नाही. शेजारी रिकामे स्टूल असताना ते धपकन माझ्या काठावर बसले. चादर ताणली गेली, शिवणबाई कळवळल्या. काकांनी त्यांच्यासाठी आणलेले केळे स्वतःच सोलले.

"चेहरा फार उतरलाय हो तुमचा," ते खाता खाता म्हणाले.

"दोन दिवसांत येईल वर, भावोजी."

"पोटाचंच ना? आमच्या ऑफिसातल्या एकाचं हेच झालं होतं. चौथ्या दिवशी उठला, दोन पावलं टाकली आणि सगळे टाके उसवले. गेला बिचारा. तुम्ही मात्र काळजी करू नका हं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. असे ते दीड तास बसले.

मित्रांनो, त्या बाईंनी जन्मभर टाकेच घातले होते. टाका एकदा सुटला की पुढचे कसे सुटत जातात, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी नर्सने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझी नळी घट्ट धरली. "मी नाही उठणार. उसवेल." डॉक्टरांनी समजावले, रागावून पाहिले. मुलगी रडली. बाई जागच्या हलल्या नाहीत. आठवड्याने छाती भरून आली. आणखी चार दिवसांनी नर्सने माझ्यावरची चादर काढून घेतली, आणि मुलगी माझा दांडा धरून उभी राहिली.

काका तेव्हाही आले होते. म्हणाले, "मी म्हटलंच होतं, हे ऑपरेशन वाईट."

त्या दिवसापासून मी कुरकुरू लागले.

वर्षे गेली. माझा रंग उडाला. पाठीखालची एक पट्टी वर आली, ती कोणी ठोकून बसवली नाही. बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर गेला आणि खाली पुरुष आले. मला भंगारात काढायचे बोलणे निघाले, तेव्हा मी मनात म्हटले, अजून नको. माझा एक माणूस यायचा आहे.

आणि तो आला. जिन्यावरून पडून समाचारकाकांचे मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन होऊन ते माझ्यावर आले. मला आनंद झाला, लपवणार नाही. ती पट्टी मी त्यांच्या बरोब्बर कमरेखाली धरली. डोळा लागला की कुरकुरले. पण मी केले ते काहीच नव्हे. खरा समाचार घेतला तो भेटायला येणाऱ्यांनी. सगळे काकांच्याच जातकुळीचे. एक काठावर बसला. एकाने फोनवर मोठमोठ्याने बोलून घेतले. एक म्हणाला, "आमच्या शेजाऱ्याचं हेच हाड. शेवटी पाय काढावा लागला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वॉकर धरून उभे राहा." काकांनी माझी नळी घट्ट धरली. "नाही उभा राहणार. पाय जाईल माझा."

राहा पडून, मी म्हटले. मला काही घाई नाही.

तेवढ्यात शिवणबाईंची मुलगी आली. ती आता शाळेत शिकवते. बरोबर सहा विद्यार्थी होते. मुले हात धुऊन दाराशीच थांबली. पुढची मुलगी म्हणाली, "आजोबा, आत येऊ का? की नंतर येऊ?"

"काका," शिक्षिका म्हणाली, "आजाऱ्याला कसं भेटावं, ते मुलं शिकतायत. भेटायला येणाऱ्यानं काय करू नये, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?"

काका खुलले. "लिहा. खाटेवर बसू नये. चेहरा उतरला म्हणू नये, आरसा आम्हालाही आहे. पेशंटसाठी आणलेलं स्वतः खाऊ नये." मुले हसली आणि भराभर लिहू लागली.

"आजोबा, सगळ्यांत वाईट काय?" त्या मुलीने विचारले.

"ते काल झालं बघ. एक जण म्हणाला, असंच हाड मोडलेल्याचा पाय काढला. तेव्हापासून पाय खाली टेकवायची भीती वाटते. असलं बोलणाऱ्या माणसाला..."

काका थांबले. त्यांनी शिक्षिकेकडे पाहिले.

"बोला की," ती म्हणाली. "काय करावं त्याला?"

मग काकांनी हळूच विचारले, "तुझी आई याच खाटेवर होती का गं?"

"हो. याच."

काकांनी मान खाली घातली. "लिहा, बाळांनो. असल्या माणसाला आत येऊ देऊ नये."

"दहा मिनिटं झाली," शिक्षिका मुलांना म्हणाली. "पेशंटला थकवायचं नाही." मुले निरोप घेऊन बाहेर गेली. तिने वॉकर काकांसमोर आणून ठेवला.

"उठा."

"पाय जाईल गं."

"जात नाही. मी डॉक्टरांना विचारलंय." तिने वॉकर आणखी जवळ सरकवला. "तेव्हाही विचारलं होतं. आईनं माझं ऐकलं नाही. तुमचं ऐकलं."

काका उठले. दारापर्यंत अकरा पावले होतात, जी शिवणबाई कधी चालल्या नाहीत. ती त्यांच्याबरोबर चालली, पण हात धरला नाही. प्रत्येक पावलाला काका रडत होते, आणि ते पायामुळे नव्हते. मी त्यांना पाडून ठेवणार होते. तिने त्यांना उभे केले. तिचा सूड माझ्यापेक्षा मोठा निघाला.

मित्रांनो, मी त्यांना अजून माफ केलेले नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. आजाऱ्याकडे जाल तेव्हा विचारून आत जा, थोडाच वेळ बसा. आणि काय बोलावे ते सुचले नाही, तर गप्प बसा. गप्प बसलेल्या पाहुण्यामुळे माझ्यावर आजवर कोणी मेलेले नाही.