पाच ते आठ तारीख

"सतरंजीवरून उठू नको," हेमाताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाल्या. मग थोडा विचार करून त्यांनी भर घातली, "आणि सतरंजीवर बसू पण नको."

उत्तरा समोरच्या खोलीत, खिडकीखाली अंथरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीवर शाळा सोडल्याचे दाखले मांडून बसली होती. तिने शिक्का खाली ठेवला.

"मग काय करू? मधेच लटकू?"

"ते गंगाखेडचे लोक पोखर्णीला देवाला आलेत. आत्ता फोन आला. इथवर आलोतच तर मुलगी बघून जातो म्हणले. तासाभरात यायलेत."

"आज सात तारीख आहे आई."

"तेच तर म्हणायले मी."

गेली अकरा वर्षं उत्तरा दर महिन्याच्या पाच तारखेपासून आठ तारखेपर्यंत बाहेर बसत असे. परभणीतल्या त्या गल्लीत हे चार दिवस पाळणारी आता दोनतीनच घरं उरली होती, आणि तिच्या वडिलांचं, विष्णुपंतांचं, घर त्यांत पहिलं होतं. विष्णुपंत पूजा सांगत. त्यामुळे पाळणं हा त्यांच्याकडे धर्म होता आणि थोडासा धंदाही. उत्तरा एका अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक होती. दिवसभर ती शाळेत सगळ्या कागदांना शिवे, कारण सरकारी कागदाला विटाळ होत नाही. संध्याकाळी घरी आली की सतरंजी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन गच्चीवर केस वाळवणं. सगळं शास्त्राला धरून होतं. उणीव एकच होती. तिला पाळी येत नव्हती.

म्हणजे यायची, पण कधी चार महिन्यांनी, कधी सहा, आणि आली की दोन-दोन आठवडे जायचं नाव घ्यायची नाही. पंचविसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली होती. पोटभर पाणी पिऊन उत्तरा बाकावर बसली, दोन्ही बाजूंना गरोदर बायका. डावीकडचीने विचारलं, "कितवा?" उत्तराने खरं सांगितलं, "सातवा ग्लास." रिपोर्टात लिहून आलं की दोन्ही बीजकोशांवर बारीक बारीक गाठी आहेत, मोत्यांच्या माळेसारख्या. घरात मोत्याचा दागिना तेवढाच. पीसीओएस असं त्याचं नाव. वजन वाढणं, डोक्यावरचे केस जाणं आणि हनुवटीवर येणं, हे सगळं त्यातलंच. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, महिनोन् महिने न येणं बरं नाही, हयगय करू नका.

गोळ्या चांगल्या होत्या. तीन महिने पाळी तारखेला आली. चौथ्या महिन्यात पाकीट आणायला हेमाताई गेल्या आणि मेडिकलवाल्या परमेश्वरने, विष्णुपंतांवर श्रद्धा असल्यामुळे, आवाज खाली आणून विचारलं, "काकू, ह्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत. तुमच्या घरी कुणाला लागायल्यात?"

हेमाताई पाकीट न घेताच घरी आल्या. त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या आणि सतरंजी सुरू झाली. आजारी मुलगी खपत नाही. खिडकीत बसलेली मुलगी निरोगी दिसते. म्हणून सतरंजी माजघरातून समोरच्या खोलीत आली. तारीख हेमाताईंनीच ठरवली, पाच. त्या आधी चतुर्थी-एकादशी बघून ठरवणार होत्या, पण शरीराला पंचांग कळत नाही हे त्यांनाही पटलं.

विष्णुपंतांना यातलं काही माहीत नव्हतं, किंवा माहीत नसण्याइतकं शहाणपण त्यांच्याकडे होतं. ते चार दिवस सतरंजीला वळसा घालून जात.

वळसा हेमाताईही घालत. याचंच उत्तराला सुरुवातीला नवल वाटे. दार बंद असलं, घरात दोघीच असल्या, तरी आई ताट लांबून सरकवायची. एकदा उत्तराला ताप होता. आईने दोन हातांवरून विचारलं, "अंग गरम आहे का गं?" उत्तरा म्हणाली, "हात लावून बघ ना." हेमाताई म्हणाल्या, "सवय मोडली की चारचौघात चूक होती." आणि थर्मामीटर जमिनीवरून घरंगळत पाठवला.

चारचौघं म्हणजे मुख्यतः समोरची धुरपदाबाई. ती मूळची जिंतूरकडची. शेत लेकावर सोपवून नातवंडांच्या शाळेसाठी परभणीत येऊन राहिली होती. नातवंडं शाळेत गेली की ओट्यावर बसून गल्ली सांभाळायची. तिला स्वतःचं वय सांगता येत नसे, पण उत्तराची तारीख पाठ होती. "पोरगी न्हाई, घड्याळ हाय घड्याळ," ती आल्यागेल्याला सांगायची. "न्हाईतर आमची सून. कवा म्होरं, कवा मागं, काई ताळमेळ न्हाई."

तर आता अडचण अशी होती. उत्तरा उठून पाहुण्यांपुढे पोहे घेऊन आली, तर धुरपदाबाई म्हणणार, बाहेरची पोरगी पाहुण्यांत फिरवली. न उठली, तर देवाहून आलेले पाहुणे दारात तिला बसलेली बघणार. आणि बाहेर नाहीच म्हटलं, तर अकरा वर्षं खोटी. शेवटी हेमाताईंनी लाकडी खुर्ची आणून अशी ठेवली की तिचे मागचे दोन पाय सतरंजीवर आले आणि पुढचे दोन फरशीवर.

"बस ह्याच्यावर. कुणी विचारलं तर बोलू नको. मी बघते."

पाहुणे ऑटोतून उतरले. श्रीराम नावाचा बेचाळिशीचा, सावळा, केसांना कलप लावल्यावर पश्चात्ताप झालेला माणूस, आणि प्रसादाचा नारळ हातात धरलेली त्याची आई. त्यांच्या मागोमाग, न बोलावता, धुरपदाबाई.

श्रीरामच्या आईने खुर्चीत बसलेल्या मुलीकडे बघितलं, हसून पुढे झाली आणि नारळ द्यायला हात पुढे केला.

"आवो, तिच्या हातात देऊ नगा," धुरपदाबाई म्हणाली. "पोरगी बाहेर हाय. आज तिसरा."

नारळ जागच्या जागी थांबला. हेमाताईंनी पदर तोंडाशी नेला. विष्णुपंत छताकडे बघून कसलं तरी स्तोत्र आठवू लागले.

"असं होय," श्रीरामची आई म्हणाली आणि नारळ विष्णुपंतांकडे दिला. मग त्या बाई जे बोलल्या त्याची हेमाताईंनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. "असू द्या हो. उलट चांगलंच झालं. सगळं येळच्या येळी आहे हे डोळ्यानंच बघायला मिळालं. ह्याचं वय झालंय, लपवून काय उपयोग? आता घरात आली की पुढच्या वर्षी पाळणा हलला पायजे. मागं एक बघितली, दिसायला लय छान, पण तिला काहीतरी गाठीबिठी निघाल्या. आधीच कळलं म्हणून वाचलोत."

"हिचं काई बघायचं कामच न्हाई," धुरपदाबाईने जामीन दिला. "पाच तारीख म्हंजी पाच तारीख."

पोहे हेमाताईंनीच दिले, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की पोह्यांत मीठ नव्हतं हे कुणी बोललं नाही. मग दोघांना बोलू द्यावं म्हणून मोठी माणसं देवघर बघायला गेली. धुरपदाबाईला जावं लागलं. तिला त्याचं वाईट वाटलं.

श्रीराम समोर बसला. "मी कारखान्यात वजनकाट्यावर आहे," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं असेल."

"सांगितलं."

"काम काही लय मोठं नाही. गाडी काट्यावर येती, मी वजन लिहितो. उसात पाचट किती, पाणी किती मारलंय, ते मला दिसत नाही. मी आपला भरला तेवढा आकडा लिहितो."

तो सहज बोलला होता. माणसं असल्या वेळी कामाबद्दलच बोलतात, दुसरं काही सुचत नाही. पण उत्तराला एकदम त्या खुर्चीत बसवेना. ती उठली आणि फरशीवर, सतरंजीपासून चांगली लांब, उभी राहिली.

"मी बाहेर नाही," ती म्हणाली. "मला साडेचार महिने पाळी आलेली नाही. तुमच्या आई म्हणाल्या त्या गाठी मलाही आहेत. मूल होतं यात, औषधं घेतली तर होतं म्हणतात डॉक्टर. पण मी अकरा वर्षं औषध घेतलेलं नाही."

श्रीराम सतरंजीकडे बघत राहिला. "मग हे?"

"हे धुरपदाबाईंसाठी."

तो हसला नाही. आतून घंटेचा आवाज आला, विष्णुपंत वाजवून दाखवत असावेत.

"दुखतं का?" त्याने विचारलं.

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. लग्नाचं वय, वजन, पगार, कुळ, नाडी, सगळे प्रश्न तिला ठाऊक होते आणि त्यांची उत्तरं पाठ होती. हा कुणीच विचारला नव्हता. ती म्हणाली, "येतच नाही, तर दुखणार काय?"

"हो, तेही आहे," तो म्हणाला, आणि मोठी माणसं परत आली.

पाहुणे गेल्यावर तिने आईला काही सांगितलं नाही. हेमाताई दोन दिवस गाणं गुणगुणत होत्या. आठ तारखेला उत्तरा न्हाली, केस गच्चीवर वाळवले, आणि अकरा तारखेला शाळेतून परस्पर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. जुना रिपोर्ट बघून त्या रागावल्या, नवीन सोनोग्राफी केली, आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. संपल्या की आठवड्याभरात येईल, मग पुढचं औषध सुरू करू म्हणाल्या. चिठ्ठी घेऊन ती परमेश्वरकडेच गेली. दुसरी दुकानं होती. पण चिठ्ठी तिची होती आणि रस्ता रोजचा होता.

"ताई, ह्या कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

परमेश्वरने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. "राहू द्या," ती म्हणाली आणि पाकीट तसंच हातात घेऊन घरी आली.

सोळा तारखेला मध्यस्थाचा फोन आला. पत्रिका जुळत नाही. आधी सव्वीस गुण जुळत होते. आठ दिवसांत ग्रहांनी बरीच हालचाल केलेली दिसत होती. हेमाताई फोन ठेवून तिथेच बसल्या. "तू काही बोललीस का त्याला?" असं त्यांनी विचारलं. उत्तरा "हो" म्हणाली. त्यानंतर पाच दिवस त्या घरात फक्त मिक्सरचा आवाज झाला. सतरंजी नसतानाही ताट लांबून सरकू लागलं.

एकवीस तारखेला आजीचं श्राद्ध होतं. हेमाताईंचे गुडघे गेल्यापासून सोवळ्यातला स्वयंपाक उत्तराच करी. पाच ते आठ सोडून ती कधीच अडत नाही, हा तिचा गुण भटजींमध्येही प्रसिद्ध होता. एरवी खरी कधी आली तर ती लपून जायची; सोवळ्याच्या दिवशी मात्र आजवर कधी आली नव्हती. सकाळी न्हाऊन तिने उडदाची डाळ वाटायला घेतली आणि ओटीपोटात कळ आली.

"आई," ती म्हणाली, "मला आली."

हेमाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज कशी?"

"गोळ्या घेतल्या मी. आज खरी आली. मी बाजूला बसते, तू कर."

"आज न्हाई बसायचं," हेमाताई हळू म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत दोन ब्राह्मण येऊन बसले होते. "लोक काय म्हणतील, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा? आज तुझी तारीख न्हाई. कर गुपचूप."

मग तिने केलं. अकरा वर्षं बाहेर नसताना ती बाहेर बसली होती; आता बाहेर असताना चुलीपाशी उभी राहिली. वडे तळताना कळ यायची तेव्हा ती ओट्याची कड धरायची, कळ जाईपर्यंत वडा जरा जास्त लाल व्हायचा, मग ती तो काढायची. खीर झाली, कढी झाली. तिच्या मनात एकदोनदा त्या माणसाचा प्रश्न येऊन गेला. आता त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

ब्राह्मण तृप्त झाले. पितरांनी हरकत घेतल्याचं काही दिसलं नाही. घास ठेवल्या ठेवल्या कावळा आला. वडे समोर धुरपदाबाईकडेही गेले. तिने वाटी परत पाठवताना निरोप दिला, अजून दोन आसले तर द्या, आज लयच खरपूस झालेत.

चोवीस तारखेला रविवार होता. उत्तरा डोक्यावरून न्हाली आणि टॉवेल घेऊन जिन्याकडे निघाली.

"कुठं?" हेमाताईंनी विचारलं.

"चौथा दिवस आहे."

"पंखा लाव अन् खोलीत वाळव. वर जाऊ नको, तुझ्या पाया पडते."

हेमाताई तिच्या वाटेत उभ्या होत्या. उत्तराने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हलकेच बाजूला केलं. चौथ्या दिवशी न्हाल्यावर शिवलेलं चालतं. या दिवसांत शिवणंच अंगवळणी नव्हतं, त्यामुळे चालत नसतं तरी त्या दोघींना कळलं नसतं. हेमाताईंनी खांद्यावरच्या त्या ओल्या जागेवर आपला हात ठेवला आणि तशाच जिन्याखाली उभ्या राहिल्या.

गच्चीवर ऊन होतं. उत्तरा कठड्याला पाठ लावून बसली आणि केस मोकळे सोडले. समोरच्या ओट्यावर धुरपदाबाई शेंगा फोडत होती. तिने वर बघितलं. पुन्हा बघितलं. मग शेंगा ठेवून बोटं मोजू लागली. आज चौथा, काल तिसरा, परवा दुसरा. चौथ्या बोटावर अंगठा आला आणि तिथेच राहिला. श्राद्धाच्या त्या वड्यांची चव तिच्या तोंडातून एवढ्यात गेली नसणार.

उत्तरा मान वळवून तिच्याकडे बघत होती.

धुरपदाबाईने हळूच मूठ मिटली. "ऊन चांगलं हाय आज," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

"हो मावशी," उत्तरा म्हणाली.

केस आता फारसे उरले नव्हते. दहा मिनिटांत वाळले. तरी ती ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून होती.