दारातला आवाज

मधोमध दबलेला कागद. काळा, कडेला उसवलेला, चानकीएवढा, पोरासाठी थापलेल्या लहान भाकरीएवढा. सरजाबाईनं तो जुना स्पीकर मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबला. कागद आत गेला आणि कोंबडीच्या पिलाच्या पोटासारखा परत वर आला — एवढ्याशा वस्तूतून भरल्या गळ्याचा माणूस बाहेर यावा तरी कसा! अर्धा आतच अडकणार, अर्धा कसाबसा येणार. दोष याचाच. दुसऱ्या कुणाचा असायचं कारण नव्हतं.

दिवाळीपासून ती दोष वाटत सुटली होती. आधी टीव्हीला दिला, मग सुनेला — "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस गं, माहेरी बोलायला शिकवलं न्हाई का?" — मग नातीच्या शाळेला, तिथं पोरींना मोकळ्या घशानं कविता म्हणायला लावत नाहीत म्हणून. तेव्हापासून सून समोर येऊन, मान वर करून, एकेक शब्द सुटा करून बोलायची. गल्लीतल्या बायांना वाटायचं, सासूचा काय धाक आहे! वाटू दे. पण भांड्यांची किणकिण, नातीचं खिदळणं, पत्र्यावर टिपायला येणाऱ्या चिमण्या… एकेक करून सगळी उठून गेली होती, मयतीच्या घरून माणसं उठतात तशी, निरोप न घेता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारची कोंडाबाई कानात यंत्र घालून बसते, यंत्र शिट्टी मारतं, पोरं हसतात. ते एक वेळ परवडलं. पण यंत्र आल्यापासून कोंडाबाईला कुणी काही विचारत नाही — 'ऱ्हाऊ द्या, तिला न्हाई कळायचं.' माझ्या घरात मला न विचारता हळदीचा डबा हलत नाही, आणि मी ते यंत्र लावून कोपऱ्यात बसू?

जाऊ दे, चिमण्या जाऊ दे, सून जाऊ दे. एक आवाज सोडून सगळं जाऊ दे.

गाडीत स्पीकर बसवायचं दुकान उदगीरला, नांदेड नाक्यापाशी. दुकान म्हणजे चार खांबांवरचा पत्रा आणि त्याखाली सोलून ठेवलेली तिच्या लेकाची, भुजंगची जुनी पांढरी गाडी. दाराच्या आतलं अस्तर काढून भिंतीला टेकवलं होतं आणि दार उघडंनागडं दिसत होतं — वायरी, काच वरखाली करायची कात्री, मध्ये जुन्या स्पीकरचं लहानसं भोक. आयुष्यभर माणूस दार उघडतो, लावतो, त्याच्या पोटात काय आहे ते बघत नाही. सरजाबाई पुढच्या सीटवर पाय बाहेर सोडून बसली होती. पायाशी घरून आणलेली पाण्याची बाटली. या दिवसांत पाण्यावाचून कोण घराबाहेर पडतं!

"भोक छोटा है अम्मा," दुकानवाला मकबूल तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. पन्नाशीचा माणूस, दाढी पत्र्याच्या भुशानं पांढरी झालेली. नवा स्पीकर त्यानं ताटासारखा दोन्ही हातांत धरला होता. "हा बसायचा तर पत्रा कापावा लागेल. मागचं चुंबक जाड आहे, काच खाली आली की त्यावर आपटेल. म्हणून मधी लाकडाची रिंग टाकतो. पण एक सांगतो, कापल्यावर जुना परत न्हाई बसणार. सोच लो."

"सोचून आल्ये मी. काप."

भुजंग हसला. आईचा हुकूम दुसऱ्या कुणावर चाललेला पाहायला त्याला लहानपणापासून आवडायचं.

ठिणग्या उडाल्या. दाराच्या पत्र्यातून केशरी फुलबाज्या आणि आवाज… आवाज कुठल्या तरी लांबच्या गिरणीचा. भुजंगनं दोन्ही कानांवर हात ठेवले. ते पाहून तिनंही पदर कानावर ओढून घेतला. अशी पाहून पाहून ऐकायला शिकले मी. माणसं हसली की हसायचं, मान हलली की मान. एखादा काही म्हणाला आणि कळलं नाही की आधी कपाळाला आठी घालायची — समोरचा आपोआप मोठ्यानं परत बोलतो, वर दबूनही राहतो.

गाव नावं ठेवत होतंच. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं, माणसं इंजिनाला हार घालून राहिली, आन् ही म्हातारी गाडीला भोंगे बसवून राहिली! भुजंगची बायकोसुद्धा नाक मुरडून गेली होती, बोलली मात्र नव्हती. किंवा बोलली असेल, पाठ करून. पण भुजंगला स्वतःलाच ते हवे होते. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून फेऱ्या निघत होत्या, फेरीत ज्याच्या गाडीचा आवाज मोठा त्याची गाडी पुढं. सरजाबाईनं तेवढंच धरलं होतं. "जिल्हा मागायला निघालास आन् आवाज मांजराचा? तुझ्या बापानं लातूर जिल्हा झाला तवा नुसत्या गळ्यावर मैदान हलवलं होतं." एवढं पुरलं. बापाचं नाव काढलं की भुजंग लोण्यासारखा.

बापाचं नाव… नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. जिवंतपणी नाही, नंतरही नाही. ते.

ते गायचे. जयंतीला गायचे, कुणाच्या घरी बारसं असलं तरी गायचे, आणि लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्यांनी स्वतः गाणं जुळवलं होतं — 'जिल्हा नवा झाला गं बाई, माझा रस्ता कधी व्हायचा' — लोकांनी टाळ्या पिटल्या, पुढारी कसंनुसं हसले. त्या गाण्याचा सराव घरात चालला होता. पेटीवाल्या संगप्पानं कुठून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि सगळे त्याच्याभोवती चुलीभोवती बसावं तसे बसले होते. दुसऱ्या कडव्याला ते मध्येच थांबले. "सरजे," म्हणाले, "पाणी आण गं." मी भाकऱ्या थापत होते. हात पिठात, मांडीवर भुजंग. मी म्हणाले, "गाणं तुमचं आन् हेलपाटा माझा? उठा की!" मग ते हसले. असे हसले की संगप्पाची पेटी चुकली. टेप चालूच होता. आलं सगळं त्यात. नंतर टेप बंद झाल्यावर मी तांब्या भरून नेला होता… ते नाही त्यात.

ते गेल्यावर फोटो होते, फेटा होता, ढोलकी होती. पण माणूस म्हणून जे काही उरलं होतं ते त्या कॅसेटमध्ये. भुजंगनं ती लातूरहून पेनड्राइव्हवर करून आणली आणि संक्रांतीच्या सुमाराला गाडीत लावली, मोठ्या हौसेनं. ती मागं बसली होती. आणि ते… सात गोधड्यांखालून कुणी बोलावं तसे आले. अंगात ताप असताना बोलायचे तसे. भुजंग आरशातून बघत होता, मायला काय वाटतंय म्हणून. तिनं डोळ्याला पदर लावला. लावावाच लागला. तिथंच तिनं ठरवलं की हे स्पीकर मेलेले आहेत.

मेलेलेच असले पाहिजेत. नसले तर…

पुढचं ती स्वतःला म्हणू देत नव्हती.

मकबूलनं कापलेल्या पत्र्याची कड कानशीनं घासली, लाकडाची रिंग बसवली, काच खालीवर करून पाहिली. काच चुंबकाजवळून केसाच्या अंतरानं गेली. मग त्यानं दाराच्या पोटातला प्लॅस्टिकचा फाटका कागद ओढून बाहेर काढला आणि बाजूला टाकला.

"ते काय टाकलंस?"

"बरसात का कागद है अम्मा. काचेवरून पाणी आत उतरतं ना, ते अस्तराला लागू नये म्हणून. आता फाटला." तो आभाळाकडं बघून हसला. "आता पाणी कुठून येतंय? मी तर कुणालाच लावत न्हाई."

"लाव."

"माय, सोड न्," भुजंग म्हणाला. "पाऊस दिसतोय का कुठं?"

"पाऊस येणारच न्हाई म्हून ह्याला कुणी लिहून दिलंय का? नवा कागद काप आन् चिकटव. नीट, चारी कडांनी."

मकबूलनं नवा कागद कापला. तो चिकटवताना ती त्याच्या बोटांकडं पाहत राहिली. माणसं किती लवकर सोडून देतात! दोन वर्षं पाऊस नाही तर दारातला कागदच नको. उद्या म्हणतील, म्हातारीला ऐकू येत नाही तर बोलायलाच कशाला जा.

अस्तर चढलं. भुजंग टपरीवर चहा सांगायला गेला. मकबूल सीटखालच्या वायरींत डोकं घालून काही जोडत होता. जोडून वर बघायचा, विचारायचा. दार घुमलं — "आया अम्मा?" — "आला." दुसरं दार घुमलं. "आला." मग आरशापाशी बसवलेल्या बोंडाएवढ्या, बारीक आवाजाच्या स्पीकरकडं बोट करून त्यानं विचारलं, "और ये, बारीकवाला? येतोय?"

"येतोय की. चांगला येतोय."

मकबूल हलला नाही. त्याच्या हातात वायरीची दोन टोकं होती, मोकळी. ती तिला दिसली. तिला दिसली हे त्यालाही दिसलं. टपरीकडं पाठ करून तो हळूच, पण ओठ नीट हलवत म्हणाला, "अम्मा, कान दाखवले का कुणाला?"

"तू दारं बघ. कानाचं दुकान टाकलं न्हाईस तू."

"खरंय." त्यानं मान खाली घातली. वायरी जोडल्या. जोडता जोडता म्हणाला, "माझ्या अम्मीचं बी असंच होतं. मोठे स्पीकर लावले न्, तर भारी आवाज पोचंल तुमाला. मर्दाचा, ढोलकीचा. बारीक न्हाई पोचायचा. मशीन कितीबी मोठी लावा."

भारी पोचला म्हणजे झालं. मला काय करायचाय बारीक! पोरीबाळींची किचकिच, चमचे, चिमण्या… मला एकच माणूस हवाय आणि त्याचा गळा भारी होता. तिला एकदम रडूच आलं, आनंदाचं की कसलं ते न कळता. तिनं मकबूलकडं रागानं पाहिलं. हा माणूस आता भुजंगला सांगणार. पण भुजंग चहा घेऊन आला आणि मकबूल कप हातात घेऊन गप्प राहिला.

"लाव तुझ्या बापाला," ती म्हणाली.

भुजंगनं पेनड्राइव्ह लावला. तिनं तळहात दारावर ठेवला, अस्तरावर, जिथं आत नवा स्पीकर होता तिथं. आधी ढोलकी आली, हातातून कोपरात चढली, छातीत उतरली. आणि मग ते.

आले. गोधडी नाही, ताप नाही… भरले, रुंद, पान खाऊन जड झालेल्या जिभेचे, ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडायची ती सवय… 'व्हायचा' म्हणताना जणू विहिरीत बादली सोडली. दार थरथरत होतं. ती डोळे मिटून दाराला टेकली. मेलेले स्पीकर होते! सांगितलं नव्हतं का मी! माझं काही गेलेलं नाही. कुणी काही नेलेलं नाही. दुसरं कडवं सुरू झालं, आणि ते थांबले.

"सरजे, पाणी आण गं."

तिनं वाट पाहिली.

काही नाही.

नुसती खरखर, तीही नाही, नुसतं दाराचं निपचित रेक्झिन तळहाताखाली… आणि त्या रिकाम्यातून ते अचानक हसले. खो-खो, संगप्पाची पेटी चुकवणारं ते हसणं. तिनं डोळे उघडले. भुजंग हसत होता. मकबूलही हसत होता, मान हलवत, 'काय अम्मा, काय जवाब दिला!' अशा नजरेनं तिच्याकडं पाहत. त्यांना ऐकू आलं होतं. त्या दोघांना, परक्या माणसालासुद्धा, ती ऐकू आली होती — पिठाच्या हातांची, तरणीताठी, चिरक्या आवाजाची सरजा.

बारीक. बारीक म्हणजे मी होते होय…

"परत लाव."

"माय, सबंध गाणं—"

"तेवढंच लाव. ते पाणी मागतात तिथून."

"सरजे, पाणी आण गं." तिनं घाईनं तोंड उघडलं आणि म्हटलं — मोठ्यानं म्हटलं असावं, कारण भुजंगचं हसू जागच्या जागी थांबलं — "गाणं तुमचं आन् हेलपाटा माझा?" 'उठा की' म्हणायच्या आत ते हसले. वेळ चुकली होती तिची. इतक्या वर्षांनी जागा सापडली नाही. भुजंग वाकून तिच्या तोंडाकडं बघत होता, त्याचे ओठ हलत होते, 'माय, तुला…' असं काहीतरी. कपाळाला आठी घालायची तिला आठवण राहिली नाही.

"लाव."

या वेळी ती बोलली नाही. ओठ घट्ट मिटून तिनं त्यांना मागू दिलं आणि थांबली. ते हसले. तेवढेच हसले, तसेच हसले. मी बोलले काय, न बोलले काय… म्हणजे कुणाला हसतात? इतकी वर्षं ती समजत होती की आवाज त्यांचा जपायचाय. त्यांचा तर आहे, दारात आहे, पत्रा कापून पक्का बसवलाय, भुजंगच्या पोरांनाही पुरेल. पण हाक मारून झाल्यावर ते जिच्यासाठी थांबतात, ती…

हात पायाशी गेला. बाटली सापडली. टँकरचं पाणी, कोमट, तळाशी गाळ बसलेलं. झाकण काढून तिनं ती दोन्ही हातांत धरली.

"लाव," ती म्हणाली. भुजंग तिच्याकडं पाहतच राहिला होता. मकबूलनं गाडीत हात घालून बटण दाबलं.

तिनं दाराला हात लावला नाही. ढोलकी आली, कडवं आलं. आता ते थांबतील, हाक मारतील, आणि हसायच्या आधी जरा वेळ काहीच नसेल. तेवढ्या वेळात काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. ती बाटली धरून बसली, ओठ अर्धवट उघडे, लग्नात नाव घ्यायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी.