गठ्ठ्यातील एक घर

"हिची दुसरी काढून द्या काका, जरा लवकर," असे म्हणत नर्सबाईंनी चावी फळीवर ठेवली आणि काकांचा पुढे आलेला हात मधेच थांबला.

चावी त्यांनीच घडवलेली होती. शिक्षकाला वर्गातल्या मुलांचे अक्षर ओळखू येते, तशा कुलूपवाल्याला आपल्या चाव्या ओळखू येतात. त्यातून काकांना सवय होती, प्रत्येक चावीच्या मानेवर कानशीने एक बारीक तिरकी रेघ ओढायची. या चावीवर दोन रेघा होत्या. दोन रेघा त्यांनी सगळ्या आयुष्यात एकाच कुलपाच्या चाव्यांवर ओढल्या होत्या. ते कुलूप त्यांच्या स्वतःच्या घराचे होते.

"कुठली ही?"

"घराची. नवीन घेतोय ना आम्ही. म्हणजे तसं जुनंच, बँकेनं जप्त केलेलं. रंगारी येणारेत उद्यापासून. माझी ड्यूटी वेगळ्या वेळेला, ह्यांची वेगळ्या. एका चावीत कसं भागायचं?"

"नंबर काय घराचा?"

"सतरा. कोपऱ्यावरचं. खिडकीतून अख्खं मैदान दिसतं."

"दिसतं खरं," काका म्हणाले. मग चावी उलटसुलट करत म्हणाले, "यंत्र तापलंय. संध्याकाळी या."

यंत्र सकाळपासून सुरूसुद्धा झाले नव्हते.

आता हे घर काकांचे कसे, ते सांगायचे तर आधी गठ्ठा म्हणजे काय ते सांगायला हवे. कर्ज थकले की बँक घर ताब्यात घेते. अशी घरे साठत जातात. एकेक घर दाखवत आणि विकत बसणे बँकेला परवडत नाही. मग ती तीसेक घरांची एक यादी करते आणि सगळी एकाच माणसाला, एकाच सौद्यात देऊन मोकळी होते. यात निवडून घेता येत नाही. कोपऱ्यावरचे उजेडाचे घर हवे असेल, तर छत गळणारेही पदरात घ्यावे लागते. धंद्यातली माणसे याला गठ्ठा म्हणतात.

काकांचा मेहुणा, काकूंचा धाकटा भाऊ, असे गठ्ठे घेत असे. एकट्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने नात्यागोत्यातले अकरा जण हिस्सेदार केले. काकांनी भाड्याच्या दोन खोल्यांत तीस वर्षे काढून जे बाजूला टाकले होते, ते सगळे त्याच्या हाती दिले. शिवाय एकतीसपैकी तीस घरांची कुलपे फुकट बदलून दिली. सतरा नंबरचे दार उघडले तेव्हा मेहुणा म्हणाला होता, "भाऊजी, हे तुमचं. डोळे झाकून." काकूंनी त्याच दिवशी पडद्यांसाठी खिडक्यांची मापे घेतली. कागद होईपर्यंत चाव्या मात्र मेहुण्याकडेच राहिल्या.

काकांनी दुकानाची फळी आडवी केली आणि ते तडक मेहुण्याच्या कचेरीत गेले.

"या, या भाऊजी. चहा सांगतो."

मेहुण्याच्या पाठीमागे भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक खिळ्याखाली नंबर, खिळ्याला चाव्या.

"सतराच्या खिळ्यावर एकच आहे," काका म्हणाले.

मेहुण्याने मागे वळून पाहिले नाही. "बसा तर आधी."

"नर्सबाईंना विकलंस?"

"गिऱ्हाईक चांगलं आलं हो. इकडं हिस्सेदार मानगुटीवर बसलेले. गळक्या छताची पाच घरं कुणी फुकट घेईना. सतरा गेलं म्हणून गठ्ठा तरला."

"ते माझं होतं."

मेहुण्याने खणातून एक कागद काढला, काकांकडे तोंड करून ठेवला आणि एका ओळीखाली बोट धरले. पहिलीतल्या मुलाला वाचायला लावावे, तितक्या मायेने. "वाचा."

काकांनी वाचले. 'गठ्ठ्यातील एक घर.'

"यात सतरा कुठं लिहिलंय? एक लिहिलंय. एक देणार. शब्दाला पक्का आहे मी, भाऊजी."

सही करताना काकांनी तो कागद नीट वाचला होता. चष्मा लावून, दोनदा. डोळ्यांनी 'एक' वाचले होते आणि मनाने 'ते'. चूक म्हणायची तर एवढीच.

"सव्वीस घ्या," मेहुणा म्हणाला. "सतरापेक्षा एक खोली जास्त आहे."

"सव्वीसचं कुलूप तर मी बदललंच नाही. तिथं माणसं राहतात म्हणून तूच राहू दे म्हणालास."

"राहतात. पण कागदावर ताबा आपला. सांकेतिक ताबा म्हणतात त्याला. म्हणजे घर आपलं, फक्त माणसं त्यांची." स्वतःच्या विनोदावर तो थोडा हसला. मग पुढे वाकला. "दुपारी तिथं कुणी नसतं. सगळे कामाला. कुलूप जुनाट. कोर्टातून जायचं तर दोन वर्षं. तुम्ही गेलात तर दोन मिनिटं. तुमच्या तर डाव्या हाताचा मळ."

"म्हणून सव्वीस माझ्या वाट्याला."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मेहुण्याने कागद खणात ठेवला. "ताईला पटलंय सगळं. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

काका घरी आले तेव्हा काकू पाटावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आज लवकर? वाढू का?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

काय माहीत आहे, असे काकूंनी विचारले नाही. हातातली घडी पूर्ण केली. "महिना झाला."

"महिना."

"रडला हो माझ्यापुढं. म्हणाला, ताई, एवढं सांभाळून घे, भाऊजींना मीच सांगतो. आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून मी थांबले. आणि दुसरं देतोच आहे की. घर ते घर."

"दुसऱ्याची माणसं आहेत त्यात."

"ते नव्हतं सांगितलं त्यानं." काकूंनी पुढचा कपडा ओढला. "तुमचं दोघांचं बोलणं तुटलं असतं, तर मला माहेर म्हणून कुठं राहिलं असतं, सांगा ना."

तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आले, की महिनाभरात काकूंनी पडद्यांचे नाव काढले नव्हते. त्याआधी रोज रंग बदलत होता, कधी पिवळा, कधी निळा. चाव्यांच्या दातांमधला केसाएवढा फरक हेरणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या बायकोचे गप्प होणे दिसले नव्हते.

"त्यानं केसानं गळा कापला, ते समजतं मला," काका म्हणाले. "तो धंदा करतो. तू महिनाभर माझ्यासमोर बसून जेवलीस."

काका परत दुकानात गेले. संध्याकाळी नर्सबाईंना दुसरी चावी तयार मिळाली. तिच्या मानेवर एकच रेघ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका पिशवी घेऊन सव्वीस नंबरला गेले. पिशवीत दुकानातले सगळ्यात भक्कम नवे कुलूप होते. खोटे कशाला सांगायचे, ते बसवून घर घ्यायलाच ते निघाले होते. फसवले गेलेल्या माणसाला वाटते, की आता आपल्यालाही थोडी मोकळीक मिळाली.

दाराचे कुलूप खरोखरच जुनाट होते. दोन मिनिटेही लागली नसती. पण आधी कडी वाजवायची आणि मगच कुलपाला हात लावायचा, ही चाळीस वर्षांची सवय. त्यांनी कडी वाजवली.

दार उघडले. पन्नाशीची एक बाई, गळ्यात मोजपट्टी, हातात अर्धी शिवलेली बाही.

"घरी आहात?" काकांच्या तोंडून निघाले.

"सोमवारपासून कारखाना बंद. आता घरीच शिवते." तिची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या पेचकसावर गेली आणि तिचा चेहरा सैलावला. "कुलूपवाले ना? बरं झालं बाई. मुलगा कधीपासून म्हणत होता, पाठवतो कुणालातरी."

काकांनी तोंड उघडले. 'मी तो नव्हे' एवढेच म्हणायचे होते.

"कुणी घरात नसताना येतात म्हणे," बाई सांगत होत्या. "कुलूप बदलून जातात, आणि आपलं सामान आत. कर्ज थोडं थोडं फेडतोय हो आम्ही, पण ऐकतंय कोण. मी तर भाजीला जायचीही थांबलेय. आतून बाहेरून पक्कं लागेल असं काहीतरी करा."

काका उंबऱ्यावर उभे राहिले. आत यंत्राच्या सुईखाली कापड तसेच अडकून होते. भिंतीशी चार गाद्या रचलेल्या होत्या. घर सतरापेक्षा खरेच मोठे होते.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "चौकटीला नवीन भोकं पाडावी लागतील," ते म्हणाले. "जुनी झिजलीत."

"पाडा की."

तासभर काम चालले. बाईंनी पाणी आणून दिले, मध्येच चौकटीवर पेनाची खूण करताना पट्टी धरली. किती द्यायचे म्हणून विचारले, तेव्हा काकांनी कुलपाची किंमत आणि नेहमीची मजुरी सांगितली. कमीही नाही, जास्तही नाही. मग दोन्ही चाव्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"तुमच्याजवळ एखादी राहत नाही ना?"

"दोनच असतात."

"तसं नाही, आपलं विचारलं. विश्वास कुणावर ठेवायचा, कळत नाही हल्ली."

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "आता आतून लावून बघा."

दार बंद झाले. आत चावी दोनदा फिरली. बाहेरून काकांनी दाराला खांदा लावला आणि अंगातला सगळा जोर दिला. दार जागचे हलले नाही.

"लागलं का नीट?" आतून आवाज आला.

"लागलं," काका म्हणाले, आणि काही वेळ त्यांचा खांदा दारालाच टेकून राहिला.