दोन कानांचा नट

नट पितळेचा होता, दोन कानांचा, भिजलेल्या हरभऱ्याएवढा — आणि शैलजा तो मघापासून अंगठ्यानं फिरवत होती, निघतो किती सहज ते बघत होती. अगदीच सहज निघत होता. पाना नको, पक्कड नको. दीड वेढा दिला की सैल. तिला ते मुळीच आवडलं नाही. तीनचाकीच्या पाठीमागचा तो निळा दांडा, आईनं धरून ढकलायचा, एवढ्याशा नटावर उभा... आणि दांड्याच्या पुढ्यात, सीटच्या गोल कड्यात, कुणाची तरी अडीच वर्षांची मुलगी बसणार. कुणाची तरी कसली? माझीच.

"बीबीजी, थ्री-इन-वन है," सोढीजी म्हणाले. बावीस सेक्टरमधलं त्यांचं दुकान अर्धं आत, अर्धं बाहेर खांबांच्या व्हरांड्यात पसरलेलं होतं. "पहले डंडा भी, घेरा भी. फिर डंडा बाहर, बच्ची खुद चलाए. फिर घेरा भी बाहर. एक साइकिल, तीन उमर."

"और जिसका डंडा निकलता नहीं, ऐसी?"

सोढीजींनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघितलं. "वो भी है." त्यांनी कोपऱ्यातली लाल सायकल पुढे ओढली, तिचा दांडा कायमचा वेल्ड केलेला होता. "पर बच्ची ने बड़ी होना है कि नहीं?"

हे काय विचारणं झालं! शैलजानं पदर चाचपला. पदराच्या टोकाला सेफ्टी पिन होती आणि तिचं दुसरं तोंड ठमीच्या फ्रॉकच्या पट्ट्यात. ठमीचं खरं नाव गार्गी, पण ते कागदोपत्री. बाहुलीसारखी ठोकळेबाज उभी राहते म्हणून ठमी. बाजारात जायचं तर ठमीला असं पदराशी टाचून न्यायचं, हा शैलजाचा दोन वर्षांचा नेम. नवऱ्याला, दिगंबरला, तो हास्यास्पद वाटायचा. "टाचणीवर विश्वास, आणि पोरीवर नाही," तो म्हणायचा. म्हणू दे. दोन वर्षांपूर्वी, बॉम्ब फुटला त्या दुपारी, तो तीस सेक्टरच्या प्रयोगशाळेत होता, वातानुकूलित खोलीत, आणि ती घरी तांदूळ निवडत होती, मांडीवर सहा महिन्यांची ठमी, आणि शेजारच्या बाजारातून तो आवाज आला होता — आवाज तरी कसला, हवेनंच एकदा दचकावं तसं — तावदानं थरथरली, तांदूळ थाळीत वर उडून पुन्हा खाली बसले. घरातल्या कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाला वेळेवर आला. तिला खरी भीती वाटली ती त्या दूधवाल्याच्या वेळेवर येण्याची... लोक असे वेळेवर कसे येऊ शकतात?

तेव्हापासून पिन. तेव्हापासून बसच्या, रिक्षाच्या सीटखाली वाकून बघणं. आजही निघताना बघितलं, तर सायकलरिक्षावाला हसला होता, "बीबीजी, नीचे मेरी रोटी है. वो नहीं फटती."

पर्समध्ये दोन कागद होते. एक दिगंबरचा, आलेखाच्या कागदावर केलेला तक्ता: तीन सायकली, वजन, चाकाचा व्यास, उलटण्याचा संभव. (तिला बघायला आला होता तेव्हाही त्याच्या खिशात असाच एखादा तक्ता असणार, असा तिला तेरा वर्षांपासून संशय होता.) शेवटचा रकाना 'निर्णय', आणि तो कोरा. दुसरा कागद म्हणजे रेल्वेचं तिकीट, तेवीस डिसेंबर, मिरजेपर्यंत, एक बाईमाणूस. पोरीला तिकीट लागत नाही. सासूबाईंनी पत्रात लिहिलं होतं, "पोरीला घेऊन निघून ये. दिगूला नोकरी आहे, तुला तिथे काय आहे?" आणि दिगंबरनं ते पत्र दोनदा वाचून घडी घालत म्हटलं होतं, "तू ठरव. मी आग्रह करणार नाही. सायकल काय, मिरजेतही मिळेल."

मिळेल. पण ती आज इथे आली होती. इथे घेतलेली सायकल बर्थखाली मावत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. तिनं सकाळी नुसतं "सायकल बघून येते" म्हटलं तेव्हा तो दाढी अर्धी टाकून बाहेर आला होता, गालाला फेस, आणि तो तक्ता तिच्या हातात देऊन आत गेला होता.

लाल घ्यायची, तिनं ठरवलं. न निघणारा दांडा. राहायचंच असेल तर निदान...

"खुद!" ठमी म्हणाली.

घरात सगळं मराठी, आणि हा शब्द मात्र तिनं खालच्या मजल्यावरून उचलला होता. जेवण खुद, चप्पल खुद. आता ती निळ्या सायकलीचं हँडल धरून चढू बघत होती, आणि पिनेनं शैलजाचा पदर ताणला जात होता, खांद्यावरून घसरत होता, आणि सोढीजी सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

"ठमे, थांब गं. पडशील."

"खुद!"

पदर फाटला तर सिल्कची साडी जाईल — हो, खरंच, तिच्या मनात आधी साडी आली. नंतर ती स्वतःवरच हसली — आणि तिनं पिन काढली. ठमी बसली. पाय पॅडलला जेमतेम पुरले. सोढीजींनी दाखवण्यासाठी म्हणून नट फिरवला, दीड वेढा, दांडा उपसला, वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी मारली. "देख लो, बीबीजी. चलती है कि नहीं."

चालली. कुरकुरत, वाकडी, खांबाला चाटून, पण चालली. आणि शैलजानं "यही दे दीजिए" म्हटलं ते आपल्याच तोंडून आलेलं ऐकलं.

पुढचं सगळं भराभर. पैसे दिले, गुंडाळलेला दांडा काखेत, नट मुठीत, ठमी व्हरांड्यातून पुढे. भुईमुगाच्या शेंगांच्या हातगाडीशी ठमी वळेना, म्हणून शैलजा काख मोकळी करून धावली, हँडल सरळ केलं, पुन्हा धावली. आणि दहा-बारा दुकानं पुढे गेल्यावर मागून शिट्टी वाजली.

मग दुसरी. मग ती ओळखीची गोष्ट, जी तिनं दोन वर्षं रोज मनात घडवून बघितली होती: माणसं मागे सरतायत, शटर खाली येतंय, शेंगावाला गाडी सोडून पळालाय, आणि मध्ये उन्हाचं एक मोकळं रिंगण. रिंगणात एका खांबाला टेकून एक लांबट वस्तू. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सुतळी बांधलेली.

"लावारिस है! कोई हाथ न लगाए!"

अरे देवा... तिनं काखेकडे बघितलं. काख रिकामी.

गंमत ही, की तरीही तिला खात्री वाटेना. इतक्या लांबून ती वस्तू हुबेहूब तशीच दिसत होती, जशी ती दिसणार हे शैलजाला पहिल्यापासून माहीत होतं. माझाच दांडा असेल ना? की त्याच्याचसारखं दुसरं काही? निघून गेलं तर... ठमीला उचलायचं, रिक्षा करायची, कुणाला कळणारही नाही. तेवीस तारखेला गाडी. आणि हा सगळा बाजार एका दांड्यापायी दुपारभर बंद. आणि उद्या कुणीतरी आपल्या पोरीला पदराशी टाचून ठेवणार.

सोढीजी धापा टाकत तिच्यापर्यंत पोचले होते. तिनं ठमीचा हात त्यांच्या हातात दिला. पिन नाही, काही नाही. नुसता हात हातात.

"ज़रा पकड़िए, भाईसाहब."

आणि ती रिंगणात शिरली.

"ओ माता जी! पीछे!" शिपाई ओरडला. माताजी! एकोणचाळिसाव्या वर्षी! तिला भीतीच्या आधी रागच आला, आणि त्या रागावरच बहुतेक पुढची वीस पावलं पडली.

"मेरा है," ती म्हणाली. आवाज आला नाही. पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, स्वयंपाकघरातून जिन्याखाली हाक मारावी तसं, "मेरा है जी! डंडा है! बच्ची की साइकिल का!"

"पक्का?"

"पक्का!" आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मग ती खरोखरच पक्की झाली.

"तो आप ही खोलो," शिपाई म्हणाला आणि पहाऱ्यासाठी रचलेल्या वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड दोन पावलं सरकला.

तिनंच उघडलं. सुतळी दातांनी तोडली. कागद फाटताना इतका आवाज करतो हे तिला माहीत नव्हतं. आतून निळा पाइप निघाला, टोकाला रबराची लाल मूठ. आणि तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून, एखाद्या मिरवणुकीत लेझीम धरावी तसा. आधी शेंगावाला हसला. मग शटर वर गेलं. कुणीतरी टाळी वाजवली, आणि लांबून ठमीनंही वाजवली, कारण टाळी तिला येत होती.

"ऐसी चीज़ छोड़ के जाते हैं?" शिपाई तणतणला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो हसायला लागला होता. "जान निकाल दी, माता जी."

"मेरी भी," शैलजा म्हणाली. "और माता जी नहीं. बहन जी."

घरी परतताना थंडीचं ऊन उतरलं होतं. सायकलरिक्षात पायांशी तीनचाकी, मांडीवर दांडा आणि दांड्यावर डोकं टेकून ठमी. सासूबाईंना काय लिहायचं, तिला सुचत नव्हतं. मला इथे काय आहे? वीस पावलांचं एक रिंगण आहे, असं लिहिता येतं का? तिकीट पर्समध्ये होतं, फाडलेलं नव्हतं; दारातच दिगंबर विचारील, आणि ती काय सांगेल, कुणास ठाऊक... कोरा रकाना अजून कोराच होता. मूठ उघडली तर नट तळव्यात रुतून दोन कानांची खूण उमटली होती. उद्या दांडा लावेल, कदाचित. परवा काढेल. दीड वेढ्याचं तर काम.

चौक ओलांडताना तिच्या एकदम लक्षात आलं: चढताना सीटखाली बघायचं राहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती वाकायला लागली, तशी ठमी झोपेतच कुरकुरली — आणि शैलजा तशीच अर्धवट वाकलेली थांबली. मग सावकाश सरळ होऊन पाठ टेकून बसली. खाली कुणाची तरी रोटी असेल, तिला वाटलं, आणि तिला सपाटून भूक लागली.