बेलभंडारा उचललेली जीभ

गेणभाऊ मोटेवर गायचा थांबला त्याला दीड महिना होऊन गेला होता. गावात दुसऱ्या कुणाच्या ध्यानात ही गोष्ट आली नसेल, पण ठमाबाईच्या आली. तिचं कोरडं वावर विहिरीला अगदी लागून. बाजरीची धसकटं वेचता वेचता तिचा एक कान कायम विहिरीकडं असायचा. मोट भरून वर यायची, भडाभडा ओतायची, आणि ते पाणी तिच्या बांधाला घासून तिच्या दिराच्या, गेणभाऊच्याच, कांद्याकडं जायचं. तीन वर्षं ती हा आवाज ऐकत होती.

विहीर दोघा भावांनी मिळून खणलेली. चार दिवस थोरल्याची पाण्याची पाळी, चार दिवस धाकट्याची. थोरला संपत, म्हणजे ठमाबाईचा नवरा, तापानं गेला. त्याचा दहावा होतो न होतो तोच गेणभाऊ म्हणाला, "दादानं मरायच्या आधी त्याची पाळी मला दिली." कागद नाही, साक्षीदार नाही. पंचांनी सांगितलं, खंडोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घे. हा बाबा गेला, उचलला, चिमूटभर भंडारा जिभेवर ठेवला आणि धडधडीत खोटं बोलून मोकळा झाला. ठमाबाई देवळाच्या उंबऱ्याशीच उभी होती.

"ज्या जिभंनं खोटं बोललास ती जीभ सडंल तुजी!"

एवढं म्हणून ती घरी आली. देवापुढं शब्द गेल्यावर पंचांचंही काही चालत नाही. पाणी गेलं ते गेलं.

आणि आता गेणभाऊ गात नव्हता. का गात नव्हता, ते त्याच्या बायकोनंच येऊन सांगितलं. एका दुपारी भागू अंगणात येऊन उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

"जाऊबाई, जरा आयकता का?"

"तीन वर्सांत तोंड दावलं न्हाईस. आज कशी वाट चुकलीस?"

"ह्यांच्या जिभंला फोड आलाय. हितं, कडंला. भाकरी चावना. ज्वारीच्या कन्या शिजवून घालती, त्या बी रडत गिळत्यात. तुमचा शाप मागं घ्या, पाया पडते."

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. "म्या कशापायी मागं घिऊ? देवानं उशीर केला, पन आयकलं माजं. सांग तुज्या दादल्याला, अजून व्हायचंय."

त्या दिवशी ठमाबाईला भाकरी दोन घास जास्त गेली. खोटं कशाला बोला.

पुढच्या बाजारी तिची स्वतःचीच दाढ ठणकायला लागली म्हणून ती ओतूरला गेली. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि जुन्नरचा बदरुद्दीन मुंबईला दातांचं शिकून नुकताच परत आलेला. दर बाजारी पन्नालाल मारवाड्याच्या कापडदुकानाच्या माडीवर तो खुर्ची मांडून बसायचा. त्याची एक खोड होती. दुखणारी दाढ कुठलीही असो, हा आधी अख्खं तोंड बघायचा. फडक्यात धरून जीभ बाहेर ओढायची, इकडून तिकडून न्याहाळायची, गाल आतून तपासायचे, टाळूला आरसा दाखवायचा, गळ्याखाली बोटांनी चाचपायचं. बैल घेताना बघत्यात तसं बघतोय, म्हणून बाजारकरी हसायचे.

"दाढ दुखती, जीभ कशापायी वढतोस रं बाबा?" ठमाबाई करवादली.

"बाई, तंबाखू-मशेरीच्या तोंडात कर्करोग गुपचूप बसतो. दुखायच्या आधी शोधावा लागतो. तुमचं तोंड आज साफ आहे. मशेरी सोडा."

ठमाबाई हळूच म्हणाली, "आन कुनाच्या जिभंला फोड आसंल, दीड म्हयना बरा व्हत नसंल, तर?"

डॉक्टरचा हात थांबला. "कोण आहे? लगेच घेऊन या. तोच रोग असला आणि लवकर सापडला, तर थोडक्यात भागतं. उशीर केला तर जीभ कापावी लागते."

"समदी?"

"कधी कधी सगळी."

"मंग बोलता येतं?"

"धड नाही."

दाढ उपटून, बोळा दाबून ती घराकडं निघाली. खरं तर तिनं नाचायला हवं होतं. पण ओढ्याशी आल्यावर तिचे पाय थबकले आणि ती दगडावर बसली. ज्या जिभेवर भंडारा ठेवला त्याच जिभेनं बोल मागं घ्यायचा, हा गावचा रिवाज. बायको, पोरगा, पंच, दुसऱ्या कुणी घेऊन चालत नाही. जीभ गेली म्हणजे गेणभाऊचं खोटं कायमचं खरं झालं. शाप खरा व्हायचा आणि पाणी मात्र जन्मभर त्याचं राहायचं.

"थांब रं देवा," ती मोठ्यानं म्हणाली. "इतक्यात सडवू नगंस."

ती घरी गेलीच नाही, तडक विहिरीवर गेली. गेणभाऊ मोटेच्या धावेवर, उतारावरून, बैल मागं रेटत होता. भागू पाटाच्या पाण्याला दारं धरून उभी होती.

"भावजी, वतूरला दातांचा डाक्टर हाय. जिभंचा फोड बगतो. चला."

"आन समद्या बाजारात बोभाटा हू द्या? गेण्याला भंडारा बाधला म्हनून?"

"म्हंजे बाधलाय ह्ये ठावं हाय तुमाला."

गेणभाऊनं कासरा आवळला.

"डाक्टर म्हनला, उशीर केला तर जीभ कापत्यात. कापल्यावर खंडोबापुढं काय दावनार, बोट? त्यो बोल तसाच ऱ्हाईल आन तुमच्या पोरांच्या जिभंवर जाईल. मला काय, मी बगत बसंन. लई ग्वाड वाटंल मला."

भागूनं फावडं टाकलं आणि तिथंच चिखलात बसून रडायला लागली. "आदी देऊळ, मंग वतूर," गेणभाऊ म्हणाला.

रविवारी जानकू गुरवानं देऊळ उघडलं. पंच जमले, बाया मागं उभ्या राहिल्या. गेणभाऊनं भंडारा जिभेवर ठेवला तसा तो फोडाला झोंबला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दादानं पाळी मला दिली न्हवती. मी खोटं बोललो. चार दीस वहिनीचं."

"मोठ्यानं बोला," ठमाबाई म्हणाली. "मागं बायांना आयकू गेलं न्हाई."

तो पुन्हा बोलला. तिनं तिसऱ्यांदाही बोलायला लावलं. तिसऱ्यांदाची तशी काही गरज नव्हती. पण तीन वर्षं कोरडी गेली होती आणि तिला प्रत्येक वर्षाचं एक ऐकायचं होतं.

बाजारादिवशी ती दिराबरोबर ओतूरला गेली. रोग आपल्या कानांनी ऐकायची तिची हौस होती. बदरुद्दीननं जीभ ओढली, फोडाची कड बोटानं दाबून पाहिली, गळा चाचपला, मग आरसा आत घातला आणि बराच वेळ बघत राहिला.

"खालची दाढ तुटलीय. तिची धार जिभेला रोज घासते." त्यानं कानशीनं दाढ गुळगुळीत केली. "पंधरा दिवसांनी या. फोड मिटला तर सुटलात, नाहीतर मुंबईला जावं लागेल."

पंधरा दिवसांनी फोड मिटला होता. डॉक्टरनं पुन्हा सगळं तोंड तपासलं. कर्करोग नव्हता.

गेणभाऊनं ठमाबाईकडं पाहिलं. ती माडीच्या कठड्याला धरून उभी होती. तिच्या मनात आलं, म्हणजे देवानं माझं काहीच ऐकलं नव्हतं. तीन वर्षं हा खोटा माणूस खुशाल गात होता आणि देवानं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिला रडू कोसळलं असतं, पण दिरासमोर ती रडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी. आपले बैल घेऊन ती विहिरीवर गेली, तर गेणभाऊ आधीच मोट जुंपून उभा.

"वहिनी, शाप न्हवताच तुमचा. नुसती दाढ व्हती. आता भ्याऊन दिलेला माजा बोलबी गेला आन तुमची पाळीबी गेली."

"मंग उचला पुन्यांदा बेलभंडारा," ठमाबाई म्हणाली. "देऊळ उघडं हाय, जीभबी बरी झालीया. चला, मी येते संगं."

गेणभाऊ देवळाकडं बघत राहिला. त्याची जीभ गालात आतल्या आत त्या दाढेकडं गेली, तिथं आता काही टोचत नव्हतं. तरी त्याचं पाऊल उचललं नाही.

"न्हाई ना उचलत? मंग बैल सोडा, भावजी. आज पाळी माजी हाय."

गेणभाऊनं बैल सोडले.