हात लावू नये

डॉक्टर म्हणाले होते, "तीनच्या आत फोन करतो, फोनपाशीच राहा." ती सकाळपासून फोनपाशीच होती. आठ महिन्यांच्या लेकीचा ताप उतरला होता, पण अंगभर लाल पुरळ उठलं होतं. दोन वाजले तरी फोन आपला ढिम्म. शेवटी तिचा धीर सुटला. तोवर नेटवर बघू, दहा मिनिटांत काय होतंय, म्हणून तिने वायर फोनमधून काढून मोडेममध्ये खुपसली.

मोडेम किंचाळला, घरघरला आणि लागला एकदाचा. पुरळ आलेल्या बाळाचा फोटो मुंगीच्या पावलांनी वरून खाली उतरू लागला. कपाळ. नाक. नुसती हनुवटी यायला सात मिनिटं! गळ्याशी आला आणि सगळंच गेलं. स्वयंपाकघरातला जोडफोन सासूबाईंनी उचलला होता.

"अगंबाई, काय कर्कश ओरडतंय कानात! ताईला लावत होते."

"आई, नेट चालू असताना उचलायचा नाही, किती वेळा सांगितलं?"

"चालू आहे हे मला कसं कळावं? दिवा लागतो का त्याला?"

पुन्हा कपाळापासून. बेंबीशी पोचला, तर सासूबाईंना पुन्हा ताई आठवली. आता मात्र तिने कागदावर ठसठशीत 'हात लावू नये' लिहिलं आणि चिठ्ठी रिसीव्हरवर चिकटवली. सासूबाई तोंड वाकडं करून वाटाणे सोलायला बसल्या.

तीनच्या ठोक्याला, एक डोळा पडद्यावर ठेवूनच, तिने लेकीला औषध पाजलं. फोटो गुडघ्याशी अडला तो अडलाच. डॉक्टरांच्या नावाने तिने बोटं मोडली. माणसाने शब्द पाळावा की नाही?

साडेतीनला दाराची बेल वाजली. दारात डॉक्टर, घामाघूम.

"किती वेळ बोलता हो फोनवर? पेशंट सोडून आलो. पुरळ त्या औषधाचंच आहे. तीनचा डोस देऊ नका, एवढंच सांगायचं होतं."

तिने लेकीला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "दिला."

डॉक्टरांनी पोरीचे ओठ, जीभ, छाती तपासली. "घाबरू नका. पण श्वासाकडे लक्ष ठेवा. जरा काही वाटलं तर फोन करा. लागत असेल तर."

"मी नाही हो हात लावला," सासूबाई आतून म्हणाल्या. "चिठ्ठी आहे ना."

तिने वायर ओढून परत फोनमध्ये घातली. लगेच घंटी वाजली.

"अगं, कधीपासून लावतेय मी!" सासूबाईंची ताई.

"मावशी, आत्ता नको, ठेवा!" ती ओरडलीच. रिसीव्हर आदळून ती लेकीच्या छातीला कान लावून बसली.