बाकावरची दुसरी जागा

चेंडू निसटू नये म्हणून बोटांना लावलेली चिकट राळ तेलाने पुसत योलान म्हणाली,

“आज तू वर बस. प्रेक्षकांत.”

कोर्नेलियाने मान वर केली. दोघी तरुणपणी एकाच संघातून हँडबॉल खेळल्या होत्या. योलान प्रशिक्षक झाली, तेव्हा तिनेच हट्टाने कोर्नेलियाला मदतनीस म्हणून घेतलं होतं.

“काय झालं गं?”

“मागच्या सामन्यात सारखी उठून माझ्यापुढे उभी राहिलीस. पंचांनी ताकीद दिली, वर आपली एक मुलगी दोन मिनिटं बाहेर.”

खरं कारण वेगळंच होतं. गेले काही सामने योलानने बोटांनी खूण केली, की तिच्या मुली हलण्याआधीच समोरच्या संघाची बचावाची भिंत नेमकी तिकडे सरकायची. फितूर कोण, हे शोधायला लांब जायला नको होतं. आज समोर असलेल्या परगावच्या संघाच्या प्रशिक्षकाबरोबर बाजारात पुरीसारखा तळलेला गरम लांगोश खाताना कोर्नेलियाला गावाने पाहिलं होतं. आज हरलं की संघ खालच्या गटात आणि योलान घरी. मग तिची जागा कोणाला? म्हणून योलानने मुलींना गुपचूप नव्या खुणा शिकवल्या होत्या.

“लांगोश चवीने खाल्लास, आता सामनाही बघ चवीने.”

“बरं,” म्हणून कोर्नेलिया वर गेली. ती भांडली असती तर योलानला बरं वाटलं असतं.

खुणा नव्या होत्या. तरी भिंत सरकली. पुन्हा सरकली. तेव्हा योलानच्या लक्षात आलं, समोरची गोलरक्षक चेंडूकडे नाही, तिच्याकडे बघते आहे. तिचा स्वतःचा उजवा खांदा वर गेला होता, गुडघा वाकला होता. बाकापाशी उभी राहून मुलींच्या आधी तीच रिकाम्या हाताने चेंडू फेकत होती, त्याच दिशेला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताची घडी घालून ती ताठ उभी राहिली. समोरच्या गोंधळल्या, पण तिच्या मुली त्याहून जास्त.

मध्यंतर होताच ती पायऱ्या चढून वर गेली.

“तू मला झाकत होतीस.”

“मग काय, मिरवत होते? लांगोश खाताना तो प्रशिक्षक फुशारकी मारत होता, तुझी मैत्रीण अजून स्वतःच खेळते म्हणून.”

“मला सांगायचंस ना!”

“सांगितलं असतं तर अशीच खांबासारखी उभी राहिली असतीस. मुली काय बघून खेळणार? तुझ्या बोटांकडे त्यांनी कधी पाहिलंय?”

योलानने हाताची घडी सोडली. मग म्हणाली,

“खाली चल. उभी राहा माझ्यापुढे.”

“पुन्हा एक मुलगी बाहेर जाईल.”

“जाऊ दे. मी आहे ना खेळायला.”